सात नंबरचा डोळा

कोलकात्याच्या आमच्या मराठी मंडळात शकुनमावशीबद्दल एक बातमी कायम फिरत असते. ती अशी, की एवढी मोठी कंपनी चालवणारी, पेपरात फोटो आलेली बाई रोज दुपारी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून रडते. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत ही बातमी सांगताना बायका आवाज खाली आणतात, पण बेतानेच. पाच माणसं पुढे उभं असलेल्यालाही नीट ऐकू यावं इतपत. "अगं, नळ सोडून! हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून!"

साफ खोटं. एक तर बेहाला भागातल्या त्या ऑफिसात दुपारी नळाला पाणीच नसतं. दुसरं म्हणजे शकुनमावशी लपून रडत नाही. ती मोठ्या टेबलाशी, सगळ्यांसमोर बसून रडते. रडता रडता ईमेल लिहिते, मधेच "सलील, अटॅचमेंट जोडलीस का रे?" असं विचारते, ओढणीने चष्मा पुसते आणि समोरच्याला म्हणते, "हं. आणि?"

हे "हं. आणि?" नीट ऐकण्यासारखं आहे. "हं" आखूड, नाकातून, पिशवीत बटाटा टाकावा तसं. "आणि" मात्र लांब, शेवटाकडे वर चढत गेलेलं, आणि मग थांबलेलं. त्या थांबण्यात समोरचा माणूस सगळं ओकून मोकळा होतो.

"मोठी कंपनी" हेही थोडं वाढवूनच. माणसं मोजून चौदा. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप, वर ऑफिस. लेथ चालू झालं की वरच्या टेबलावरच्या चहात वर्तुळं उठतात. मावशी मूळची सांगलीची, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. बावीस वर्षांपूर्वी सुधाकरकाकांची बँकेतली बदली झाली म्हणून कोलकात्याला आली. बदलीवाली कुटुंबं सामानाचे अर्धेच खोके उघडतात, कारण तीन वर्षांत परत बांधायचेच असतात. तीन वर्षांनी काकांची पुढची ऑर्डर आली तेव्हा मावशी म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, माझं थोडं काम राहिलंय." ते काम अजून राहिलेलंच आहे. काका सध्या भुवनेश्वरला असतात, शनिवारी येतात.

काम सुरू झालं ते लिफ्टपासून. बालीगंजमध्ये ती राहायची त्या जुन्या इमारतीत लोखंडी जाळीच्या दाराची लिफ्ट होती. दार अर्धं उघडं ठेवून लोक निघून जायचे आणि लिफ्ट तशीच चालायची. मावशीने एक डबी केली. जाळी पूर्ण लागली नाही तर लिफ्ट जागची हलत नाही, आणि कुठल्या मजल्यावरची जाळी उघडी आहे ते सांगते. आज दक्षिण कोलकात्यातल्या जुन्या इमारतींत चढलात तर दर दोन-चार लिफ्टांमागे ती डबी दिसेल. त्याच्यावरूनच पेपरात फोटो आला, समारंभ झाला, आणि कुणीतरी माईक पुढे करून विचारलं, "मॅडम, आपल्या नेतृत्वाचं रहस्य काय?" मावशी म्हणाली, "मी सकाळी दहाला विचारते, काय झालं नाही. मग दिवसभर तेच करतो." लोकांना वाटलं विनम्रता. ती पत्ता सांगावा तसं खरं सांगत होती.

रोज दहाला टेबल. चौदा जणं बसतात आणि प्रत्येकाने आपलं काय झालं नाही तेवढंच सांगायचं. सुरुवात मावशीची. "माझं: टेंडरचा कागद वाचला नाही, घाबरले म्हणून." मग पुढचा. ज्याचं झालं असेल त्याने बोलायचं नाही, वेळ वाचतो. आणि एक शब्द तिथे सक्त मना आहे: "होये जाबे". होऊन जाईल. कोलकात्यात प्लंबरपासून प्राध्यापकापर्यंत सगळे हा शब्द श्वासासारखा घेतात आणि सोडतात.

शंतनु, जो सर्किट बनवतो, त्याचा पहिला दिवस ऑफिसात अजून सांगतात.

"शंतनु, तुझं?"

"होये जाबे, शकुनदी."

"काय अडलंय?"

"किछु ना. होये जाबे."

मावशीने लॅपटॉप मिटला आणि त्याच्याकडे बघत बसली. रागाने नाही. बस स्टॉपवर बस येणार आहे हे माहीत असलेला माणूस रस्त्याकडे बघतो तशी. एक मिनिट. दोन मिनिटं. खाली लेथ सुरू झालं, चहात वर्तुळं उठली. चौथ्या मिनिटाला शंतनु म्हणाला, "बोर्ड जळला. माझ्या हातून." मावशी म्हणाली, "हं. आणि?" तर आणखी दोन जळाले होते. कुणी ओरडलं नाही. दुपारपर्यंत सगळे मिळून नवे तीन बोर्ड जोडत बसले होते. शंतनु सांगतो की त्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं, इथून आपण आता जात नाही.

तर अशी ही बाई. आणि आता तिची ती गोष्ट, जिच्यात तिची ही सगळी पद्धत तिच्याच अंगावर कोसळली.

दोन वर्षांपूर्वी बजबज गावातल्या एका ज्यूट मिलने तिला बोलावलं. लिफ्टच्या डबीचं त्यांच्या कानावर आलं होतं. तिथे तागाच्या जुड्या हाताने रुळांमध्ये सरकवाव्या लागतात. रूळ जुडी आत ओढून घेतात, आणि जुडीबरोबर बोटं गेली तर रुळांना त्यातला फरक कळत नाही. मुकादमाला त्या मिलमध्ये सरदार म्हणतात. श्यामसुंदर सरदारांनी मावशीला नमस्कार केला तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. मावशीची नजर तिथे अडकलेली त्यांना दिसली. हसून म्हणाले, "दो उँगली इसी मशीन के पास जमा हैं, दीदी."

मावशी हसली नाही. परतीच्या लोकलमध्ये सलीलने दोनदा विचारलं, "ताई, काय झाला?" सलील तिचा प्रोग्रामर. जन्म कोलकात्याचा, त्यामुळे त्याच्या मराठीत सगळी सृष्टी पुल्लिंगी आहे. मावशी एवढंच म्हणाली, "हे करायचं." त्या दिवसापासून लिफ्टचं काम तिने बाकीच्यांवर सोपवलं आणि स्वतः त्या रुळांमागे लागली.

दीड वर्षात "डोळा" तयार झाला. टिफिनच्या झाकणाएवढी डबी, रुळांच्या वर बसवायची. शिफ्टच्या सुरुवातीला डोळा दहा मिनिटं समोरचं बघून घेतो, त्याला "रिकामं" समजतो, आणि मग त्यात हातासारखं काही पुढे सरकलं की पापणी लवायच्या आत मशीन थांबवतो. परीक्षेसाठी शंतनुने एका रबरी हातमोज्यात ताग ठासून भरला, तो झाडूच्या दांड्याला बांधला आणि त्याचं नाव ठेवलं छोटोबाबू. ऑफिसात छोटोबाबूला तीन हजार वेळा रुळांत घातलं. तिन्ही हजार वेळा तो साबूत परत आला. शेवटच्या दिवशी शंतनुने त्याला रसगुल्ला भरवला.

मग डोळे मिलमधल्या बारा मशीनवर बसले, आणि तिथे घोटाळा झाला. मिलमधल्या हवेत ताग तरंगत असतो. केसासारखे तंतू, त्यांचे झुबके, डोळ्यावर बसतात, समोरून उडतात, आणि डोळ्याला प्रत्येक झुबका हात वाटतो. मशीन थांबायचं. पुसायचं, चालू करायचं, परत थांबायचं. एका शिफ्टमध्ये तीस वेळा, पस्तीस वेळा. मागे जुड्यांचा ढीग, वरून ओरडा.

बाराही मशीनवर नाही, अकरावर. सात नंबर शहाणा होता. अकरा आठवड्यांत सात नंबर एकदाही उगीच थांबला नाही. ऑफिसात त्याचं कौतुक असं, की शंतनु मिलमध्ये गेला की त्या डबीला हात लावून कपाळाला लावायचा. सात नंबर खिडकीजवळ आहे म्हणून, असं सलीलचं मत पडलं. मग बाकीच्यांना पंखे लावले. फरक शून्य. रोज दहाला टेबलावर हजेरी व्हायची. एक नंबर, नाही झालं. दोन, नाही झालं. सहा, नाही झालं. आठ, नाही झालं. मावशी एकेकावर तासभर बसायची, चष्मा पुसायची, "हं. आणि?" म्हणायची.

अशात एका शुक्रवारी मिलच्या मॅनेजरचा फोन आला. मॅनेजरसाहेबांचा आवाज फाइलीला टाचणी टोचल्यासारखा. "मॅडम, बुधवारी हेड ऑफिसचे लोक येतायत, दुसऱ्या दोन मिलचेही. त्यांना पटलं तर चाळीसच्या चाळीस मशीनवर लावू. नाही पटलं तर तुमचं सामान उतरवून घ्या. माझी माणसं वैतागलीत. बुधवारपर्यंत होईल ना?"

मावशीच्या डोळ्यांपुढे चाळीस मशीन आली. ती आधीसारखी, उघडी. त्यांच्यापुढे जुड्या सरकवणारे हात आले. आणि तिच्या तोंडातून शब्द निघाला:

"होये जाबे."

फोन ठेवला. जेवणाची सुट्टी असल्यामुळे खाली लेथसुद्धा बंद होतं. तेरा माणसं तिच्याकडे बघत होती.

"मी काय म्हटलं आत्ता?"

सलील म्हणाला, "तू म्हटला, होये जाबे."

"हो ना," मावशी म्हणाली, आणि रडायला लागली. या वेळी ईमेल वगैरे काही लिहिलं नाही.

पुढचे चार दिवस लोकांनी नुसता चहा आणि मुढी, म्हणजे चुरमुरे, यांवर काढले. डोळ्याची नजर थोडी बोथट करून बघितली, म्हणजे तंतू दिसले तरी तो दचकू नये. दचकेना. पण तिसऱ्याच फेरीत छोटोबाबूचा अंगठा गेला. नजर परत तीक्ष्ण केली, तर परत पस्तीस थांबे. फाटका छोटोबाबू टेबलावर पडून होता आणि त्याला उचलून टाकायला कुणी तयार नव्हतं. मावशी त्याच्याकडे बघत तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा करत होती. पहाटे पाचला उठून करायची, मेट्रोत करायची. तिला कळत होतं की चार दिवसांत जमणार नाही. चार महिने लागतील कदाचित. आणि बुधवारनंतर चार महिने द्यायला तिथे कुणी नसेल. बाराही डब्या उतरतील, आणि श्यामसुंदर सरदारांच्या हाताखालची पोरं परत नुसत्या नशिबाच्या भरवशावर रुळांपुढे उभी राहतील.

मंगळवारी टेबलावर सलील खाली मान घालून म्हणाला, "ताई, उद्या फक्त सात नंबर दाखवू."

"आणि बाकीची अकरा?"

"बाकीचा बंद ठेवू. मेन्टेनन्स सांगू. खोटा कुठे आहे? सात नंबर चालतो ना?"

"नवा छोटोबाबू मी रात्रीत शिवतो," शंतनु म्हणाला.

तेरा जणांच्या चेहऱ्यांवर एकच गोष्ट लिहिली होती: हो म्हण. बाईने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हं," ती म्हणाली.

तेराही जणं "आणि"ची वाट बघत होती. ते आलंच नाही.

बुधवारी सकाळी मावशी, सलील आणि शंतनु माझेरहाटपर्यंत मेट्रोने आणि पुढे बजबज लोकलने गेले. नवा छोटोबाबू वर्तमानपत्रात गुंडाळून शंतनुच्या मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, "माछ?" शंतनु म्हणाला, "ना माशीमा, हात." बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. एरवी मावशी यावर खो खो हसली असती. त्या दिवशी ती खिडकीबाहेर बघत होती आणि ओठ हलत होते. पाहुण्यांपुढे म्हणायची वाक्यं पाठ करत होती. "बाकी मशीनें आज मेन्टेनन्स में हैं." बोलायला सोपं वाक्य. तरी दर वेळी "मेन्टेनन्स"पाशी तिची जीभ अडखळायची.

पाहुणे साडेदहाला यायचे होते. दहा वाजले तेव्हा तिघं तागाच्या गाठींवर बसलेले. श्यामसुंदर सरदार मातीच्या भांड्यांतून चहा घेऊन आले आणि तेही तिथेच टेकले. मावशीने घड्याळ बघितलं. टेबल नव्हतं, पण दहा वाजले होते, आणि एकोणीस वर्षांत दहा वाजता तिने दुसरं काही केलेलं नव्हतं. सरदार बसलेत म्हणून तिने हिंदीत सुरुवात केली. ती काहीतरी छोटंसं सांगणार होती, की व्हिजिटिंग कार्ड घरी विसरले, असलं काहीतरी.

"मेरा नहीं हुआ," ती म्हणाली, आणि पुढचं आपोआप बाहेर आलं. "ग्यारह मशीनों का नहीं हुआ. फोन पर मैंने हो जाएगा बोला, वो झूठ था. आज सिर्फ सात नंबर दिखाकर मैं और एक झूठ बोलनेवाली हूँ."

सलीलचा चहा हातातच राहिला. पण सवय ही सवय असते. तो म्हणाला, "मेरा, झुबका और हाथ में फरक करना. नहीं हुआ." शंतनु म्हणाला, "मेरा, अंगूठा. नहीं बचा."

पाळी पुढे सरकली. मावशीची नजर सवयीने पुढच्या माणसावर गेली. पुढचा माणूस म्हणजे सरदार.

"हं. और?"

सरदार चपापले. "हम? हमारा तो सब ठीक है, दीदी."

मावशी बघत राहिली. मुद्दाम नाही. तिच्या मनात त्या वेळी काहीच नव्हतं, नुसती थकून बघत होती. एक मिनिट गेलं. सरदारांनी भांड्यातला चहा संपवला. भांडं खाली ठेवलं, परत उचललं. एकतीस वर्षं ते मिलमध्ये होते, आणि तुमचं काय झालं नाही हे त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. किती झालं, एवढंच विचारत.

"सात नंबर का नहीं हुआ," ते म्हणाले.

"म्हणजे?" मावशीच्या तोंडून मराठीच निघालं.

ते उठले, तिघांना सात नंबरपाशी घेऊन गेले, आणि तीन बोटांचा हात वर घालून त्यांनी डोळ्यासमोरून गोणपाटाचा एक तुकडा काढला. तागाच्याच रंगाचा. कडा नीट दुमडून शिवलेल्या, अडकवायला दोन्ही बाजूंना दोऱ्यांचे फासे. घरी बसून, निगुतीने केलेलं काम.

"रोज सुबह शिफ्ट के पहले हम लगाते हैं, शाम को उतार लेते हैं," ते म्हणाले. "आपका आँख हर थोड़ी देर में मशीन रोकता है. पीछे माल का पहाड़, ऊपर से गाली. लड़के बोले, सरदार, कुछ करो."

"फक्त सातवरच का?" शंतनुने बंगालीत विचारलं.

"बारह पर लगाते तो आप लोग पकड़ लेते. एक पर लगाया, बाकियों को बारी-बारी से इस पर भेजते थे, थोड़ा साँस लेने." सरदार तुकड्याची घडी घालत होते. "सोचा था दो दिन में बोल देंगे. फिर आप लोग सात नंबर देखकर इतना खुश होते थे. ये लड़का तो पैर छूता था. फिर बोलने का मुँह नहीं रहा."

मावशी तिथेच रुळांच्या चौकटीला टेकली. अकरा आठवडे. सकाळी दहा मिनिटं डोळा गोणपाट बघायचा, त्याला "रिकामं" समजायचा, आणि दिवसभर गोणपाटाकडे बघत सगळं कुशल असल्याचं कळवत राहायचा. त्याच्याखाली अकरा आठवडे माणसांचे हात जात-येत होते, आणि वर आंधळा डोळा होता. अकरा मशीनवर तिने तासन्‌तास घालवले होते. आणि सात नंबर? सहानंतर आठ. रोज. कारण ज्याचं झालं त्याने बोलायचं नाही. हा नियम सरदारांनी केला नव्हता, मॅनेजरने केला नव्हता. तिचा होता. समारंभात माईकवर सांगितलेला.

"शकुनदी," शंतनु हलकेच म्हणाला, "पाहुणे."

मॅनेजरसाहेब पुढे, मागे सहा-सात इस्त्रीचे शर्ट. "या, या, हे आमचं सात नंबर मशीन, आणि या मॅडम—"

"नहीं हुआ," मावशी म्हणाली.

"जी?"

"काम नहीं हुआ. ग्यारह मशीनें बार-बार रुकती हैं. और ये इसलिए नहीं रुकती थी कि आँख के आगे कपड़ा था."

"कपडा? कुणी लावला?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

सरदारांचं तोंड उघडलं होतं. मावशीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "ग्यारह हफ्ते हमने जाँच नहीं की. गलती हमारी है."

"पण मॅडम, फोनवर तुम्ही म्हणालात—"

"झूठ बोला था."

पाहुण्यांपैकी एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी सभ्यपणे विचारलं, "ठीक होने में कितना समय लगेगा?"

सगळं त्या एका उत्तरावर होतं. तीन महिने म्हणाली असती तरी कदाचित मिळाले असते. तिच्या ओठांवर तो शब्द आला होता, शंतनुला दिसला. पण ती म्हणाली, "पता नहीं."

गृहस्थांनी मान हलवली, घड्याळ बघितलं, आणि मंडळी गोडाऊन बघायला निघाली. मॅनेजरसाहेब मागे राहिले. टाचणी टोचली. "शनिवारपर्यंत सगळं उतरवा."

मावशीने शनिवारची वाट बघितली नाही. पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, एक नंबरच्या मशीनवर चढली आणि पहिली डबी उतरवू लागली. आणि रडत होती. चालू गिरणीत, शंभर माणसांसमोर, हात वर करून स्क्रू फिरवत. अश्रू पुसायला हात मोकळा नव्हता, त्यामुळे तागाचे तंतू गालांना चिकटत होते. "सलील, स्क्रू सांभाळ, हरवशील," ती मधेच म्हणाली. दोन, तीन, चार. मजूर हातातल्या जुड्या तशाच धरून बघत उभे. एकाने विचारलं, "मॅडम क्यों रो रही है?" शंतनु म्हणाला, "कुछ नहीं, काम कर रही है."

सहा उतरले. ती सात नंबरपाशी आली तर सरदार आधीच तिथे उभे. त्यांनी तो तीन बोटांचा हात डबीवर ठेवला होता.

"ये रहने दीजिए."

"सरदार, साहब ने बोला है—"

"साहब!" सरदारांनी हाक मारली. तोपर्यंत मिलभर ऐकू जाईल अशी हाक त्यांनी फक्त जेवणाच्या सुट्टीसाठी दिलेली. मॅनेजरसाहेब वळले. "ये एक रहने दीजिए, साहब. बिना कपड़े के. कपड़ा हमने लगाया था. जितनी बार रुकेगा, हम खुद पोंछेंगे."

"आणि माल तुंबला तर?"

"गाली हम खा लेंगे."

मॅनेजरसाहेबांनी सरदारांकडे बघितलं, मावशीच्या तंतू चिकटलेल्या गालांकडे बघितलं. "दुर्गापूजेपर्यंत," ते म्हणाले. "एकच. त्यानंतर मी काही ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेहाल्याच्या टेबलावर अकरा डब्या ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. दहाला मावशीने नवा नियम सांगितला. ज्याचं झालं त्याने आधी बोलायचं, आणि बाकीच्यांनी त्याला छळायचं. तेव्हापासून टेबल दीड तास चालतं आणि सगळे वैतागलेत. सात नंबर अजून नीट झालेला नाही. रोज शिफ्ट संपली की सरदारांचा फोन येतो. नमस्कार वगैरे काही नाही, नुसता थांब्यांचा आकडा. "एकतीस." "तैंतीस." परवा "छब्बीस" आला तेव्हा शंतनु नाचला, आणि मावशीने त्याला तिथल्या तिथे बसवलं. "छब्बीस का? पाऊस होता का तिकडे? हवेत ताग कमी उडाला असेल." चौकशी केली तर पाऊसच होता. पूजा आता सात आठवड्यांवर आलीय.

मंडळातली बातमीही बदललीय. आता म्हणे मावशीची कंपनी बुडाली आणि ती भुवनेश्वरला निघालीय.

राहिलं ते मावशीच्या नि माझ्या पैजेचं, ते अजून सांगितलंच नाही. त्या मंगळवारी संध्याकाळी मावशी बालीगंजला आमच्या घरी जेवायला होती. आई, म्हणजे तिची मोठी बहीण सुधा, तिला दुसऱ्यांदा खिचडी वाढत होती आणि मावशी पहिलीच चिवडत होती. तिला जरा हसवावं म्हणून मी मिलच्या मॅनेजरचा आवाज काढला, मग सरदारांचा, मग मिलमधल्या झाडून सगळ्यांचा, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य घातलं: हो जाएगा, मॅडम, हो जाएगा.

"गप गं," आई म्हणाली. "तिला जेवू दे."

"खरंच सांगते मावशी, तुझं ते टेबल बेहाल्यात चालतं. बजबजच्या मिलमध्ये तुझ्यासमोर एक माणूस 'नाही झालं' म्हणणार नाही. जन्मात नाही."

मावशीने पहिल्यांदा ताटातून मान वर केली. "म्हणेल."

"कोण?"

"ते मला माहीत नाही. पण कुणीतरी म्हणेल."

"पैज?"

"पैज. काय लावतेस?"

मी जिंकले, तर गणपतीत मंडळाच्या स्टेजवर मी तिची नक्कल करणार, आणि तिने पहिल्या रांगेत बसून ती पूर्ण बघायची. ती जिंकली, तर महिनाभर मी तिचा आवाज काढायचा नाही, कुठेही, बाथरूममध्येसुद्धा. हातावर टाळी दिली. मला तिची कीवच आली होती. मनातल्या मनात मी स्टेजवरचं पहिलं वाक्यसुद्धा ठरवून टाकलं होतं.

बुधवारी संध्याकाळी ती आली ती अकरा डब्यांची पिशवी घेऊन, गालांवर अजून ताग. आईने दार उघडलं. मावशीने चपला काढल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सरदार."

आज माझ्या बंदीचा सोळावा दिवस. पैज बोलण्याची होती. लिहिण्याबद्दल आमचं काही ठरलं नव्हतं.